दुखत नाही, खुपत नाही, मग गोळ्या कशाला?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून तिशीतल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव गाळून मजकूर थोडक्यात असा:

घरात सासू-सासरे, नवरा, त्या आणि चार वर्षांची मुलगी. कोरडवाहू शेती, कपाशी आणि तूर. सासऱ्यांचा खोकला दोन महिने हटेना, तेव्हा ग्रामीण रुग्णालयात थुंकी तपासली. टीबी निघाला, औषध सुरू झालं. मग आशाताई घरी आल्या आणि सगळ्यांनीच तपासणीला चला म्हणाल्या. ताई एकट्याच गेल्या. हातावर सुई टोचली, तिसऱ्या दिवशी तिथे टणक गाठ आली. छातीचा एक्सरे मात्र स्वच्छ. "जंतू अंगात आहे, बिमारी नाही," असं सांगून डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे घ्यायच्या गोळ्या दिल्या. त्या फळीवर तशाच पडून आहेत. नवरा म्हणतो, "मी धडधाकट आहो, मले कायची तपासणी? अन् तुह्या अंगातला जंतू निजला आहे तर निजू दे. निजलेल्या नागाले कायले डिवचतं?" सासूबाईंना शुगर आहे, त्यांचा सगळा भरवसा गुळवेलीच्या काढ्यावर आणि खाण्यापिण्यावर. सासऱ्यांचं ताट-पेला वेगळा केला आहे. अंडी सासऱ्यांना, दूध मुलीला. ताई सध्या माला-एन ही गर्भनिरोधक गोळी घेतात. त्या विचारतात: "माझी प्रतिकारशक्ती चांगली आहे म्हणूनच मी आजारी पडले नाही ना? मग तिलाच बळ द्यावं, की दुखत-खुपत नसताना गोळ्या घ्याव्या आणि घरात वाद ओढवून घ्यावा?"

ताई,

तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग बरोबर आहे. शरीराने या जंतूला अडवून धरलं आहे, म्हणूनच तुम्ही आजारी नाही. पण अडवून धरलं म्हणजे संपवलं, असं तुम्ही आणि तुमच्या घरच्यांनीही गृहीत धरलं आहे. टीबीच्या बाबतीत या दोन गोष्टींमध्ये खूप अंतर आहे, आणि तुमच्या फळीवरच्या गोळ्या नेमक्या त्या अंतरासाठी आहेत.

हातावर आलेल्या त्या गाठीपासूनच सुरू करू. सुईतून जिवंत जंतू सोडलेला नव्हता, फक्त टीबीच्या जंतूतल्या प्रथिनांचा अगदी थोडा अंश कातडीत सोडला होता. तुमचं शरीर या जंतूला कधीच भेटलं नसतं, तर तिथे सहसा काहीच उठलं नसतं. ते भेटलेलं आहे, त्यामुळे ओळख ठेवणाऱ्या टी पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) रक्तातून त्या जागी जमल्या आणि त्यांनी इतर पेशींना बोलावून घेतलं. हे व्हायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून तुम्हाला तिसऱ्या दिवशी परत बोलावलं. सिस्टरने पट्टी लावून मोजला तो टणक भाग, भोवतीची लाली मोजायची नसते. म्हणजे ती गाठ आजाराची खूण नाही. तुमच्या शरीराला हा जंतू माहीत आहे, एवढंच ती सांगते. तुम्ही टीबीच्या रुग्ण नाही आणि तुमच्यापासून कोणाला लागणही होत नाही. हे वाक्य घरात मोठ्याने वाचून दाखवा, कारण पत्रावरून वाटतं की गाठ आल्यापासून तुम्ही मुलीला जवळ घ्यायलाही बिचकत आहात. तिला खुशाल कुशीत घ्या.

आता प्रतिकारशक्तीबद्दल. आपण हा शब्द असा वापरतो की जणू ती एकच गोष्ट आहे, कोणात जास्त, कोणात कमी. खरं तर शरीराकडे वेगवेगळ्या शत्रूंसाठी वेगवेगळी व्यवस्था आहे. विदर्भात सिकलसेलची मुलं घरोघरी माहीत आहेत. त्यांची प्लीहा (रक्तातले जंतू गाळणारा पोटातला अवयव) हळूहळू निकामी होते, आणि मग रक्तात मोकळे फिरणारे न्यूमोनियाचे जंतू त्यांना फार त्रास देतात. एचआयव्हीत वेगळंच होतं. तिथे टी पेशी कमी होतात, आणि सगळ्यात आधी डोकं वर काढतो तो टीबी. दोघांचीही प्रतिकारशक्ती "कमी" म्हणायची, पण कमी पडलेला भाग वेगळा आणि घुसणारा जंतूही वेगळा.

कारण टीबीचा जंतू रक्तात मोकळा फिरत बसत नाही, तो पेशीच्या आत राहतो. सासऱ्यांच्या खोकल्यातून हवेत आलेला कण तुमच्या फुप्फुसात गेला, तिथल्या भक्षक पेशीने त्याला गिळलं. गिळलेला जंतू एका पिशवीत बंद होतो, आम्लाने भरलेली दुसरी पिशवी येऊन तिला मिळते आणि जंतू विरघळतो. बहुतेक जंतूंचं असंच होतं. टीबीचा जंतू मात्र या दोन पिशव्यांना एकत्र येऊच देत नाही. मारायला आलेल्या पेशीतच तो बिऱ्हाड थाटतो आणि सावकाश वाढतो. आपल्या पोटातले साधे जंतू वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होतात, याला जवळजवळ अख्खा दिवस लागतो.

पेशीच्या आत शिरलेल्या या जंतूपुढे अँटिबॉडींचं, म्हणजे जंतूला चिकटणाऱ्या प्रथिनांचं, फारसं चालत नाही. त्या रक्तात, लाळेत, पेशींच्या बाहेर काम करतात. आत काय चाललं आहे हे बाहेर कळवण्याची सोय वेगळी आहे: पेशी आतल्या जंतूचे बारीक तुकडे आपल्या पृष्ठभागावर आणून मांडते. पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात दाखवलं की टी पेशी नुसता विषाणू ओळखत नाहीत. आपल्याच पेशीने मांडून दाखवलेला त्याचा अंश त्या ओळखतात. त्यासाठी त्यांना १९९६ चं नोबेल मिळालं. विषाणू असेल तर मारक टी पेशी ती अख्खी पेशीच नष्ट करतात. टीबीत बराचसा भार दुसऱ्या, मदतनीस टी पेशींवर असतो. त्या इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडतात, आणि ते मिळालं की दबलेली भक्षक पेशी जोर धरून आतल्या जंतूवर तुटून पडते. काही जंतू मरतात. जे उरतात त्यांच्याभोवती पेशींचा घट्ट वेढा पडतो. असे बारीक वेढे तुमच्या फुप्फुसात असू शकतात. एक्सरेत दिसणार नाहीत इतके लहान.

हे नुसतं पुस्तकी नाही, आपल्याच भागात ते फार स्पष्ट दिसलं आहे. वर्ध्याजवळचं दत्तपूर आणि वरोऱ्याचं आनंदवन ज्या आजारासाठी उभं राहिलं, त्या कुष्ठरोगाचा जंतू टीबीच्याच कुळातला आणि तोही पेशींच्या आत लपणारा. हा आजार दोन टोकांनी दिसतो. काहींच्या अंगावर एक-दोन बधिर चट्टे, त्यांत जंतू शोधूनही क्वचित सापडतो. यांच्या टी पेशी चांगलं काम करतात. दुसऱ्या टोकाच्या रुग्णांच्या रक्तात अँटिबॉडी भरपूर असतात, आणि तरी कातडीत जंतूंचे थवेच्या थवे. ताकद पुष्कळ, पण चुकीच्या जागी.

आणि पहिल्या टोकाचे रुग्ण सुटतात असंही नाही. त्यांच्या नसा लवकर दुखावतात, आणि दुखावतो तो बहुतांशी शरीराचाच मारा. टीबीत फुप्फुसाला पोकळी पडते तीही मोठ्या प्रमाणात आपल्याच प्रतिक्रियेमुळे. म्हणून "प्रतिकारशक्ती वाढवा" हा सल्ला मला नेहमी अपुरा वाटतो. शरीराला नुसता जोर नको असतो, तो योग्य जागी आणि बेताने लागावा लागतो. कोणताही काढा किंवा डब्यातली पावडर हे बेतून देऊ शकत नाही.

आता तुमच्या घरच्यांच्या नागाकडे येते. नाग घरात आहे हे कळल्यावर आपल्याकडचा कोणता शेतकरी "निजला आहे, राहू दे" म्हणून त्याच खोलीत लेकरू झोपवतो? सर्पमित्राला बोलावतोच ना? शिवाय हा नाग आपोआप निजलेला नाही. टी पेशी रोज काम करतात म्हणून तो गप्प आहे. याचा पुरावा फार वेगळ्या जागी मिळाला. संधिवातावर टीएनएफ नावाचं रसायन रोखणारी औषधं निघाली, आणि २००१ मध्ये डॉक्टरांच्या ध्यानात आलं की ती घेणाऱ्या काहींना काही आठवड्यांतच टीबी उफाळतो आहे. वेढा टिकवायला तेच रसायन लागत होतं. मधुमेह, उपासमार, दारू, बिडी, एचआयव्ही, वाढतं वय, यातलं काहीही हा वेढा सैल करू शकतं.

तरीही तुमच्या यजमानांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, कारण त्यात एक खरी गोष्ट आहे. जंतू अंगात असलेल्या शंभर लोकांपैकी साधारण पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी टीबी होतो. बाकीच्यांना होत नाही, गोळ्या घेतल्या नाहीत तरी. रस्त्यावरच्या कोणा अनोळखी माणसाने मला विचारलं असतं, तर मी कदाचित एवढा आग्रह धरला नसता. देशभरच्या २०१९ ते २०२१ च्या पाहणीत पंधरा वर्षांवरच्या जवळपास ३१ टक्के लोकांत हा जंतू आढळला, त्या सगळ्यांना कोणी गोळ्या देत नाही. तुमचं तसं नाही. धोका सर्वांत जास्त असतो तो लागण झाल्यावरच्या पहिल्या दोन वर्षांत, आणि तुम्ही महिनोन्‌महिने त्याच घरात, त्याच हवेत होता. प्रतिबंधक उपचाराने हा धोका ६० ते ९० टक्क्यांनी कमी होतो. तुमच्या वयात, मुलगी लहान असताना, मी बारा आठवडे निवडेन.

सासूबाईंचं काय? खाण्याबद्दल त्या बरोबर आहेत, आणि हे त्यांना सांगा, त्यांचा मान राहील. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्यांना दरमहा तांदूळ आणि डाळ देऊन अभ्यास झाला. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: घरच्यांमध्ये नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं, आणि तपासणीत जंतू सापडलेल्या फुप्फुसाच्या टीबीचं तर ४८ टक्क्यांनी. टी पेशी अन्नातूनच घडतात. पण ताई, पत्रात अंडी सासऱ्यांना आहेत, दूध मुलीला आहे. तुमच्या ताटात काय आहे हे कुठेच आलं नाही. सगळ्यांचं झाल्यावर उरलं-सुरलं खाणारी बाई हीच घरातली सर्वांत कच्ची भिंत असते. तुरीचं घट्ट वरण, फल्लीची चटणी, एक अंडं तुमच्याही वाट्याला यायला हवं. सासऱ्यांना टीबी रुग्णांसाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये बँक खात्यात मिळतात. ते जमा होतात का, आशाताईंना विचारा.

गुळवेल मात्र या बारा आठवड्यांत बंद ठेवा. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले, आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली. त्या वादात आपल्याला पडायचं कारण नाही. तुमच्या गोळ्यांचाही भार यकृतावरच येतो, तेव्हा दोन्ही एकत्र नको, एवढं पुरे.

पण पहिली गोळी घेण्याआधी पुन्हा एकदा दवाखान्यात जा. दोन-तीन गोष्टी विचारायच्या राहिल्या आहेत. सर्वांत महत्त्वाची: सासऱ्यांच्या थुंकीतला जंतू रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देतो का? सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणीत हे कळतं आणि त्यांच्या कागदावर लिहिलेलं असतं. देत नसेल, तर तुमच्या गोळ्या बदलाव्या लागतील. दुसरी, माला-एन. तुमच्या गोळ्यांत दोन औषधं आहेत, त्यांतलं रिफापेंटिन (रिफाम्पिसिनच्याच कुळातलं) गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी करतं. एवढा काळ, आणि नंतरचा एक महिना, निरोध वापरा किंवा तांबीचा विचार करा. आणि दिवस राहिल्याची शंका असेल तर आधी तपासून घ्या, गरोदरपणात हा बारा आठवड्यांचा कोर्स देत नाहीत. हे न विचारताच अनेक बायका गोळ्या सुरू करतात, म्हणून इतकं स्पष्ट लिहिते आहे. बी-६ ची गोळी सोबत दिली नसेल तर मागून घ्या, हातापायांना मुंग्या येत नाहीत.

आठवड्याचा वार चुकू नये म्हणून तुमच्या गावच्या बाजाराचा दिवस धरा. तो वार कोणीच विसरत नाही. गोळी घेतल्यावर लघवी नारिंगी-लाल होते, घाबरू नका, तो औषधाचा रंग आहे.

मुलीचा प्रश्न तुमच्याहून तातडीचा आहे. पाच वर्षांखालच्या मुलांत लागणीचं आजारात रूपांतर लवकर होतं, आणि मेंदूपर्यंतही जाऊ शकतं. जन्मतः टोचलेली बीसीजी लस अशा गंभीर प्रकारांपासून बरंच संरक्षण देते, पण संपूर्ण नाही. या वयात हातावरच्या गाठीची वाट बघत नाहीत. ताप, खोकला, वजन न वाढणं, मरगळ यांतलं काही नाही ना हे डॉक्टर तपासतात आणि वजनाप्रमाणे प्रतिबंधक औषध ठरवतात. उद्या जमलं तर उद्याच न्या.

यजमानांना गोळ्यांसाठी गळ घालू नका, तपासणीसाठी घाला. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वाद बहुधा त्या एकत्र झाल्यामुळे होतो आहे. धडधाकट माणसाच्याही छातीत टीबी सुरू झालेला असू शकतो, एक्सरे त्यासाठी असतो. तो स्वच्छ आला तर पुढचं त्यांच्या मर्जीवर सोडता येईल. आणि तुमच्या पाकिटातल्या गोळ्या "तूही घे" म्हणून त्यांना देऊ नका. आजार सुरू झालेला असेल तर या दोन औषधांनी तो पुरता मरत नाही, उलट औषधाला दाद न देणारा होऊ शकतो. ते अधूनमधून पीत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगावं लागेल. सासूबाईंनाही न्या. मधुमेहात टीबीचा धोका दुपटी-तिपटीने वाढतो. या गोळ्यांमुळे शुगरच्या काही औषधांचा डोसही बदलावा लागतो.

ताट-पेला वेगळा करण्याची गरज नाही. टीबी खोकल्यातून, हवेतून पसरतो, ताटातून नाही. सासऱ्यांना मनातून किती लागत असेल याचा विचार करा आणि त्यांना पुन्हा पंगतीत घ्या. त्याऐवजी खिडकी उघडी ठेवा, पहिले काही आठवडे त्यांनी ओसरीत झोपावं, खोकताना तोंडावर दुपट्टा धरावा. औषध नियमित चाललं की दुसऱ्याला लागण देण्याची शक्यता झपाट्याने उतरते. त्यांना बरं वाटायला लागेल दोन महिन्यांत, पण कोर्स साधारण सहा महिन्यांचा असतो. उरलेल्या महिन्यांत औषध शोधत असतं ते पेशींच्या आत दडलेले, संथ पडलेले जंतू. खोकला थांबला म्हणून त्यांनी पाकीट बाजूला ठेवलं, असं होऊ देऊ नका.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. या गोळ्या लस नव्हेत. आज अंगात असलेला जंतू त्या संपवतात, पण पुढे कधी नव्याने लागण झाली तर ती वेगळी. म्हणून सासऱ्यांचा कोर्स पूर्ण होणं आणि बाकीच्यांची तपासणी होणं, हा तुमच्याच उपचाराचा भाग समजा.

आशाताईंशी बोलायला संकोच वाटला किंवा गावात चर्चा नको असली, तर निक्षयच्या १८००-११-६६६६ या क्रमांकावर फोन मोफत लागतो. आणि गोळ्या सुरू झाल्यावर सतत मळमळ, उलट्या, जेवणावरची वासना उडणं, डोळे पिवळे होणं, लघवी काळपट चहासारखी होणं किंवा अंगावर पुरळ उठून ताप येणं, यांपैकी काही झालं तर पुढची मात्रा घेऊ नका. बाजाराच्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.